पॅरिस ते लंडन, पंधरा मिनिटं

परवा शनिवारी अंबाजोगाईत, आमच्या स्वयंपाकघरात, पॅरिस-लंडनचं भांडण मिटलं… भांडण तसं आमच्या आईचं आणि तलवाड्याच्या बापूमामाचं.

झालं असं, माझी धाकटी बहीण रेवती पॅरिसला शिकते. मागच्या महिन्यात जिन्यावरून पडली, पाय प्लास्टरमध्ये, खोलीत एकटी. बापूमामाचा दत्ता लंडनला नोकरीला… पण तो काही तिला बघायला गेला नाही.

झालं! आईचं डोकं फिरलं. "पंधरा मिन्टावर बहीन पडलीय, अन् ह्याला येळ न्हाई?" मामाचा फोन वाजला की मोबाईल पालथा घालायची. त्यात रविवारी मामाच्या नव्या घराची वास्तुशांत. आईनं जाहीर केलं, मी येनार न्हाई.

एकुलती एक बहीण येत नाही म्हटल्यावर मामा रडवेला. मलाच विचारायचा, "आक्का काहून रुसली रे?" मी काय सांगणार, कप्पाळ…

शनिवारी आई लसूण सोलत होती. मी वैतागून विचारलं, ही पंधरा मिनिटं तू आणलीस कुठून?

"रेवाच म्हन्ली व्हती. पॅरिसातून नऊला निघाले, लंडनात सव्वानऊला उतरले."

मी कपाळावर हात मारला. अगं माझे आई, लंडनचं घड्याळ पॅरिसच्या तासभर मागं असतं! विमानाला सव्वा तास लागतो. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास… बीडहून मुंबई गाठण्यासारखंच की.

तिला पटेना. सरळ रेवतीलाच फोन लावला, स्पीकरवर. ती म्हणाली, "आई, लंडनच्या व्हिसावर इकडं येता येत नाही गं. दत्तादादानं वेगळा अर्ज केलाय, पण इकडचा व्हिसा अजून आला नाही. रोज फोन करतो. मी जेवले म्हणेपर्यंत ठेवत नाही."

आईनं हातातली पाकळी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "बहिनीकडं जायला बी परवानगी लागती व्हय?"

लागते, मी म्हणालो.

ती बराच वेळ लसूण सोलत राहिली. भाजीला लागणार होता त्याच्या चौपट सोलला असेल… मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मला तर न्हाई ना लागत?"

मामाला फोनवर कळवून रविवारी पहाटेच निघालो. बीडला एसटी बदलून, धक्के खात तलवाडा. तिकडं पूजेला सगळे खोळंबलेले आणि यजमान नवं धोतर नेसून स्टँडवर हजर!

"आक्का, लई वाट बघाय लावली…" मामा म्हणाला.

"घड्याळ मागं पडलं व्हतं रे माझं," आई म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला.

मामाला काही कळलं नाही. त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं पुढं चालायला लागले.

मला मात्र तिथंच भरून आलं. एसटीत बसलं की भावाच्या दारात उतरता येतं, कुणाला विचारावं लागत नाही… हे केवढं मोठं आहे, ते दत्ताला विचारा.