नाकापर्यंतचे नवरदेव

मामाजी नकार कधीच फोनवर कळवत नसत. मुलीकडून नकार आला, की मोटारसायकलवर स्वतः येत, पोटभर जेवत आणि हात धुता धुता म्हणत, "तिकून जमून नाही राहिलं, बाबू." गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यात लग्ने जुळवणारा हा माणूस सख्खा मामा कोणाचाच नव्हता. माझ्या नकारांपायी आमच्याकडे ते इतक्यांदा जेवले, की त्यांची गाडी ऐकली की आई तांदूळ वाढवायची आणि विचारायची, "आज कोण्या गावचा?"

स्थळांचे फोटो त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात असत. घामाने दोन फोटो चिकटले, की म्हणत, "हे जमलंच समजा." मी तेव्हा गोंदियाच्या राइस मिलवाल्यांना बिलांचे सॉफ्टवेअर करून देत होतो आणि स्वतःला बराच मोठा समजत होतो. मी म्हटले, "मामाजी, तुमचा खिसा मोबाइलवर आणून देतो."

युक्ती अशी, की फोटोची अक्षरे करायची. नाव, गाव, शिक्षण जसे रकान्यात बसते तसा चेहराही लांबलचक मजकूर होऊन शेजारच्या रकान्यात बसतो. पाहायच्या वेळी त्या अक्षरांचा परत फोटो करायचा. पडदाभर अगम्य अक्षरे पाहून मामाजींनी विचारले, "हा कोण?"

"तिरोड्याचा वकील."

"वकिलापेक्षा बरा दिसून राहिला," मामाजी म्हणाले.

मी माझा शाळेतला बारकासा फोटो घालून पाहिला, अख्खा बाहेर आला. तेवढ्यावर मी तपासणी संपवली. मोठ्या फोटोचा मजकूरही मोठा होतो आणि मी ठेवलेल्या रकान्यात मावेल तेवढाच राहून उरलेला गुपचूप गळतो, हे मला ठाऊक नव्हते. चेहरा वरून खाली लिहिला जातो, म्हणून जे गळले ते खालचे. घरोघरी जे नवरदेव पोहोचले त्यांना कपाळ होते, डोळे होते, नाक होते. पुढे नुसती राखाडी पाटी. ज्याचा मोबाइल महाग त्याचा चेहरा कमी. मुलींच्या फोटोंचेही तेच.

मी घाबरून दुरुस्ती घेऊन धावलो, तोवर मामाजींनी लोकांना सांगूनही टाकले होते, "मुद्दाम ठेवलं तसं. बाकीचं पोहे खाताना पाहा." आणि लोक पाहायला जाऊ लागले. घरबसल्या फोटोवर नाक मुरडणारे आता उरलेली हनुवटी पाहायला गाड्या काढू लागले.

"काऊन दुरुस्त करतं?" मामाजी म्हणाले. "चालून राहिलं न."

मीही दुरुस्ती गुंडाळून ठेवली. मला हनुवटी जवळजवळ नाहीच. माझा नवा फोटोही कापला गेला होता आणि त्या अर्ध्या फोटोत प्रथमच मी देखणा दिसत होतो. चोरखमाऱ्याजवळच्या एका घरातून बोलावणे आले. मुलगी, सुषमा, गोंदियाच्या कॉलेजात कम्प्युटर शिकवत होती. दोघांना बोलायला म्हणून परसात पाठवले, तर तिने विचारले, "रकाना केवढा ठेवला होता?"

"नेटवर्कचा जरा प्रॉब्लेम..."

"नेटवर्क दरवेळी नाकाखालीच जाते का?"

मी चूक कबूल केली.

"कापलेलं परत निघते?"

"नाही. फोटो नव्याने मागावे लागतील."

"मग मागा. माझ्या मैत्रिणीच्या ओठाजवळ भाजल्याचा डाग आहे. अर्धा फोटो पाहून लोक आले, तिला पाहिलं आणि पोह्यांना हात न लावता उठले. सगळ्यांचे फोटो पुरे करा, मग माझा होकार."

हेच तिने आत सगळ्यांसमोर सांगितले. माझे लग्न आता मामाजींच्या हातात होते, आणि मामाजींचा धंदा त्या राखाडी पाटीवर कधी नव्हे इतका जोरात होता. ते सुपारी चघळत राहिले. मग म्हणाले, "पोरगी बरोबर बोलून राहिली."

दुसऱ्या दिवसापासून मामाजी मला मागे बसवून घरोघरी फिरले. पहिल्याच ओसरीवर मी कबुलीसाठी घसा खाकरला, तर त्यांनी माझा पाय दाबला आणि यजमानांना म्हणाले, "फोटो म्या कापले होते. तरुणपणाची चूक समजा." त्यांच्या मिशा कधीच्याच पांढऱ्या झाल्या होत्या.

बाहेर आल्यावर मी विचारले, "तुम्ही कायले अंगावर घेतलं?"

"नवरदेवाचं नाव लग्नाआधी खराब करत नसतात. माहं काय, माहं लग्न होऊन गेलं."

सुषमाच्या मैत्रिणीकडे मात्र त्यांनी विनोद केला नाही. चहालाही थांबले नाहीत. हात जोडून "चुकलं, बाई" एवढेच म्हणाले.

मामाजी गेल्या उन्हाळ्यात गेले. तेरवीच्या पंगतीत मी आणि सुषमा वाढत होतो. एक म्हातारबुवा शेजाऱ्याला सांगत होते, "लय बेरका माणूस. लोकायचे फोटो कापून पाठवे."

सुषमा वरणाची बादली घेऊन तिथेच थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. मी बुंदीची परात उचलली आणि दुसऱ्या पंगतीला गेलो.