मनवाचं व्याज आणि मी पालक

ऐका, पण हसायचं नाही हं. म्हणजे हसा, पण जरा बेताने. माझं शहाणपण मला तीन वर्षं फुकटचा टॅक्स भरायला लावून गेलं!

माझा दादा आणि वहिनी एकाच अपघातात गेले. त्यांची मनवा तेव्हा सात वर्षांची. मी आत्या, बिनलग्नाची, शहाडला एकटीच राहायचे. तिला माझ्याकडे घेऊन आले. दादाच्या विम्याचे पैसे मिळाले, ते सगळे तिच्या नावाने एफडीत टाकले.

आता आलं ना त्याचं व्याज! पेपरात वाचलेलं, अल्पवयीन मुलांचं व्याज पालकांच्या उत्पन्नात धरतात. पालक कोण? मीच की! शाळेच्या डायरीत 'पालकांची सही' असतं तिथे माझी सही. पालकसभेला मी. मग काय, तिचं व्याज माझ्या पगारात मिळवलं आणि भरला टॅक्स. ऑफिसात सगळे टॅक्स वाचवायला डोकं फोडतायत, आणि मी सांगत सुटलेय, "आमच्या मनवामुळे यंदा जास्तच बसला हो!"

खरं सांगते, बरं वाटायचं तसं म्हणायला. बाकीच्या आया फीवरून कुरकुरतात ना, तसं.

यंदा मैत्रीण म्हणाली, एकदा सीएला दाखव. टेंभी नाक्याला गेले. सीए म्हणजे तिशीतली पोरगीच. कागद चाळून म्हणाली, "ताई, ही तुमची मुलगी?"

"भाची."

"आई-वडील?"

"नाहीत."

"मग व्याज तुमच्यात का धरलंत?"

"अहो, मी पालक ना तिची!"

"तुम्ही गार्डियन. कायद्याला आई किंवा वडील लागतात. दत्तक घेतलंय का?"

"नाही हो. तिच्या नावापुढून दादाचं नाव काढायला माझा हात होईना."

"मग तिचं उत्पन्न तिचंच. रिटर्न तिच्या नावाने, सही तुमची. आणि एवढ्याशा व्याजावर तिला टॅक्स शून्य! खूश?"

मी कागद परत माझ्याकडे ओढले. म्हटलं, "राहू दे ना माझ्यातच. भरते मी."

ती बघतच राहिली. "ताई, लोक माझ्याकडे टॅक्स कमी करायला येतात!"

घरी आले तर मनवा गृहपाठ करत बसलेली. "आत्या, खूप टॅक्स लागला?"

"नाही गं. एक रुपयासुद्धा नाही."

"मग रडतेस कशाला?"

तोंडातून निघूनच गेलं, "कायदा म्हणतो, मी तुझी आई नाही."

तिने पेन्सिल खाली ठेवली. "अगं, ते मला माहीत होतं की! मला विचारायचंस ना आधीच. पैसे तरी वाचले असते."

आता बोला! पाचवीतल्या पोरीला जे फुकटात ठाऊक होतं, ते मी तीन वर्षं टॅक्स भरून शिकले.