टर्कीची बाळंतखोली

भागरथाबाई कुठलीही ऊब कोपराने तपासत. चहा हातात आला की आधी कपाला कोपर. माझ्या लेकीला ताप आला तेव्हाही त्यांनी तिच्या कपाळावर कोपरच टेकवलं. सरकारी दवाखान्यात दाई म्हणून त्यांची हयात गेली होती. बाळाच्या आंघोळीचं पाणी कोपराने बघायची सवय रिटायर झाल्यावरही सुटली नाही.

चामोर्शीत आमची भिंतीला भिंत होती. माझ्या घरात काय शिजतंय ते त्यांना वासावरून कळे. "गुरुजी, तुमच्या वरणाले आजारी माणसाची चव हाये," असं त्या तोंडावर सांगत. राग यायचा, पण खोटं पाडायची सोय नव्हती.

त्यांचा मुलगा सुधाकर बल्लारपूरला नोकरीला. त्याचं एकच पालुपद, "आई, एकटी काऊन राह्यतं इथी? चाल माह्यासंग." बाई म्हणत, "तिथी का करू? खुर्चीवर बसून भिंत पाहू?"

अशात मुलचेऱ्याकडचा एक बंगाली शेतकरी टोपलीभर टर्कीची पिल्लं घेऊन आला, नुकती अंड्यातून निघालेली. त्याच्या बायकोचं अडलेलं बाळंतपण बाईंनी कधीकाळी सोडवलं होतं. बाईंनी लगेच लेकाशी पैज लावली, "हे सारे जगले तं मी इथीच राह्यतो. एकबी मेला तं गुपचूप तुह्यासंग येतो." टर्कीचं पिल्लू फार नाजूक, हे सुधाकरने कुठून तरी ऐकलं होतं. तो खुशीत कबूल झाला.

बाईंनी आतल्या खोलीत बांबूच्या तट्ट्याचं गोल कुंपण केलं. कोपरा असला की पिल्लं त्यात एकमेकांवर चढून चेंगरतात, म्हणून गोल. खाली धानाचा तूस, वर टांगलेला बल्ब. पिल्लं बल्बखाली गोळा झाली की बल्ब खाली घ्यायचा, चोची उघडून कडेला पळाली की वर. मोकळी पसरून झोपली की बाईही तिथेच डुलकी काढत. पिल्लांना दाणा टिपायची अक्कल नव्हती. मग बाईंनी माझ्याकडून कोंबडीचं एक पिल्लू उचलून त्यांच्यात सोडलं. ते टिपायला लागलं, तसं त्याचं बघून टर्कीही टिपू लागल्या. "हा याईचा गुरुजी," बाई मला ऐकवत, "तुमच्यापेक्षा बरा शिकवते."

पौषातल्या एका ढगाळ सकाळी लाइट गेली. नेमका सुधाकर त्याच दिवशी आला होता. बाईंनी गोरसीत, म्हणजे मातीच्या शेगडीत, निखारे भरले आणि ती कुंपणाजवळ ठेवली. इथवर ठीक होतं. पण समोर निखारे, अंगात दाईपण. हाताने सवयीने ओवा टाकला, बाळंतिणीच्या खोलीत टाकतात तसा, आणि गोरसीसकट सगळ्या कुंपणावर गोधडी झाकली. आतून शिंका ऐकू आल्या. धुराला भिऊन पिल्लं पलीकडे पळाली आणि एकमेकांवर चढली.

सुधाकरने गोधडी भिरकावली, गोरसी बाहेर नेली. ढिगाखालची पिल्लं मलूल पडली होती. त्याने ती ओंजळीने उचलून स्वेटरच्या आत छातीशी धरली आणि ओसरीवर फतकल मारून बसला. मीही दोन घेतली. बाई उंबरठ्यावर बसल्या. ओवा टाकणाऱ्या हाताला शिव्या घालत राहिल्या.

बऱ्याच वेळाने सुधाकर हळूच म्हणाला, "आई, चूप राह्य. एक हालून राह्यलं."

मग दुसरं, तिसरं. स्वेटरमध्ये चिवचिवाट सुरू झाला. एक मात्र हललं नाही. बाईंनी ते हातात घेतलं, बराच वेळ चोळलं, फुंकर घातली, आणि उठल्या.

"एक मेला. पैज म्हणजे पैज. पिशवी भरतो मी."

"पिशवी ठेव तिथी," सुधाकर म्हणाला. "मले इथून उठता येऊन नाई राह्यलं. तू गेली तं याईले कोण पाहीन?"

"हरली मी. मी यायले नाई म्हणत नाई."

"मी म्हणून राह्यलो ना. तू इथीच राह्य."

शेवटच्या बसची वेळ झाली तरी तो हलला नाही. स्वेटर पिल्लांनी पार घाण करून ठेवला होता.

इतकी वर्षं शेजारी राहून मी भागरथाबाईंना रडताना पाहिलं ते तेवढं एकदाच. पदराने नाक पुसून त्या लेकाला म्हणाल्या, "तू दिवस भरायच्या आंधी झाला, तवा तुलेबी मी असंच पोटाशी धरून बसली होती. आता हालू नको. भात भरवतो तुले."