ध्रुवच्या कपाळावरची हळद

कल्पना करा, तुमच्या तळहातावर प्लास्टिकचा एक अंतराळवीर आडवा पडला आहे. उंची वीतभर. तो खरा की नकली, चांगला की डागाळलेला, हे तुम्हाला ठरवायचं आहे. तुम्ही साहजिकच आधी त्याचा चेहरा बघाल. हिरामण आहेर चेहरा सगळ्यात शेवटी बघतात. आधी ते त्याला पालथा करतात, कानाजवळ नेतात आणि गुडघा हळूच वाकवतात. खरा जुना सांधा जड फिरतो आणि सोडाल तिथे थांबतो. मग हाताच्या कडेवरून नख फिरवायचं. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे एक बारीक रेघ उठलेली असते. ती मध्येच गुळगुळीत लागली, तर तो हात मोडून पुन्हा चिकटवलेला असू शकतो. त्यानंतर वास घ्यायचा, आणि मग चेहरा.

"चेहरा आधी पाहिला की जीव जडतो," हिरामण म्हणतात, "आणि जीव जडला की खोट दिसत नाही."

हिरामण मूळचे देवळ्याचे. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात प्लास्टिकचे साचे दुरुस्त करतात. शाळेत असताना मामांसोबत नाशिकला आले होते, तेव्हा एका दुकानात काचेमागे 'नक्षत्र पथक' नावाचा संच त्यांना दिसला होता. अंतराळात जाणारी सात माणसं, म्हणजे सहा माणसं आणि ध्रुव नावाचा पांढरा रोबो. नोकरी लागल्यावर गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात, भंगाराच्या ढिगात, त्यांना तोच ध्रुव सापडला. तिथून छंद लागला. आता दूरदूरचे लोक त्यांना अशा खेळण्यातल्या माणसांचे, म्हणजे फिगरचे, फोटो पाठवतात, कुणी रविवारी घरी घेऊन येतं. हिरामण दर्जा सांगतात, पण त्याआधी एकेक खोट मोजून दाखवतात. त्यांच्या लेखी सगळ्यात वरचा दर्जा 'जसाच्या तसा'. तो ते फार कमी वेळा देतात. त्यांच्या ध्रुवला तो होता.

संचातली एकच फिगर त्यांच्याकडे नव्हती, ती म्हणजे वैमानिक. ती सापडली दिंडोरीच्या उज्वलाताईंकडे. उज्वलाताई द्राक्षबागायतदार, आणि त्यांनाही हाच नाद. त्यांच्याकडे वैमानिक दोन होत्या आणि ध्रुव नव्हता. हिरामणचा जीव ध्रुवमध्ये होता, पण वैमानिक त्यांनी इतकी वर्षं शोधली होती. बरेच दिवस विचार करून ते अदलाबदलीला तयार झाले.

"माझी एकच अट हाय, हिरामणभाऊ," उज्वलाताई फोनवर म्हणाल्या. "त्याच्यावर डाग नको. पांढरा म्हणजे पांढराच पाहिजे."

"जसाच्या तसा आहे," हिरामणनी सांगितलं. दिवाळीत जाऊन भेटायचं ठरलं.

मध्ये खंडेनवमी आली. सकाळी कारखान्यात साच्यांची, यंत्रांची पूजा झाली. हिरामणनी स्वतःच्या हाताने साच्यांना हळदकुंकू वाहिलं, पेढा खाल्ला आणि घरी आले. कपाट उघडलं तर ध्रुवच्या कपाळावर बोटाएवढी ओली हळद.

"ललिता, ह्याला हळद कुणी लावली?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मी लावली. मिक्सरला लावली, स्कूटरला लावली, तुमच्या पान्यांना लावली. हा तर आख्खा यंत्राचा माणूस. ह्याला वगळू?"

"तो कपाटात होता."

"पुसायला उघडलं होतं कपाट. सगळ्यांची पूजा बघत उभा होता बिचारा."

हिरामणनी आपल्या हातांकडे पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या नखांत अजून हळद होती. त्यांनी साबणाचं पाणी केलं आणि मऊ फडक्याने कपाळ पुसलं. वरची हळद गेली, पण खाली पिवळा डाग राहिला. जास्त जालीम काही लावलं असतं तर प्लास्टिकच विरघळलं असतं.

"उन्हात ठेवा ना," ललिताताई म्हणाल्या. आता त्यांनाही वाईट वाटत होतं. "साडीवरची हळद उन्हानेच जाते."

"उन्हात पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं."

"मग कपाळ तेवढं उन्हात ठेवा."

हिरामण हसले, आणि हसता हसता थांबले. दिंडोरीला ऊन लागून द्राक्षांचा रंग बिघडू नये म्हणून घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. त्यांनी डब्यातल्या पोळ्यांचा चंदेरी कागद घेतला, ध्रुवला नखशिखांत गुंडाळलं आणि कपाळावर डागाएवढं भोक ठेवलं. गच्चीच्या कठड्याला दोऱ्याने बांधला. ललिताताई वाळवणाला बसतात तशा राखण करत बसल्या. "कावळ्याने नेला तर मला म्हणू नका," म्हणाल्या.

काही दिवसांत हळद गेली. संध्याकाळी हिरामणनी कागद सोडला आणि ध्रुवकडे बघत उभे राहिले. कपाळावर आता वेगळाच डाग होता. तो पांढरा होता. म्हणजे तेवढंच कपाळ पांढरं होतं, आणि बाकीचा ध्रुव त्याच्यापुढे जुन्या हस्तिदंतासारखा दिसत होता.

ललिताताई जवळ आल्या. "अगंबाई, हा सावळाच होता की."

हिरामणनी पाठीचे स्क्रू काढून आत पाहिलं. ऊन न लागलेला आतला भागही तसाच पिवळसर. म्हणजे बंद कपाटात, अंधारात, ध्रुव हळूहळू पिवळा होत गेला होता, आणि उन्हाने हळदीबरोबर कपाळाचा तो जुना पिवळेपणाही नेला होता. रोज बघणाऱ्या डोळ्यांना ते कळलं नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या फिगरचा पांढरेपणा त्यांनी ह्याच ध्रुवशेजारी ठेवून जोखला होता.

त्यांनी पहिला फोन नांदगावच्या बहिरूला केला. त्याच्या ध्रुवला त्यांनी 'पिवळट' म्हणून खालचा दर्जा दिला होता.

"तुझा माझ्याइतकाच असेल, बहिरू. मी माझा पांढरा धरून चाललो होतो."

"मंग आता त्याला गोरा म्हनू का?" बहिरूने विचारलं, आणि बराच वेळ हसत राहिला.

दिवाळीत हिरामण दिंडोरीला गेले. बागांची छाटणी होऊन नवी फूट निघाली होती. चहा यायच्या आधीच त्यांनी ध्रुव टेबलावर ठेवला आणि नेहमीप्रमाणे आधी खोट सांगितली. हळद, ऊन, कपाळ, आणि फोनवर दिलेला चुकीचा शब्द.

"जसाच्या तसा नाही हा," ते म्हणाले. "अट मोडली. मी ह्याला परत नेतो."

उज्वलाताईंनी ध्रुव खिडकीशी नेला आणि उलटासुलटा करून पाहिला. "डाग नको म्हणले होते मी. पण ह्याच्यावर डाग कोणता, सांगा? कपाळ का बाकीचं अंग?"

हिरामणही खिडकीशी गेले आणि कपाळ आणि अंग आळीपाळीने बघू लागले.

"असं करा," त्या म्हणाल्या. त्यांनी आतून वैमानिक आणली आणि हिरामणच्या हातात दिली. "ही घेऊन जा. ह्यालाबी न्या आणि बाकीच्या अंगाला ऊन द्या. सगळा एकसारखा झाला की आणून द्या."

"तडकला तर?"

"तडकला तर तडकलेला आणा. पण खोट आधी सांगूनच आणा."

वैमानिक हातात आल्यावर हिरामणनी तिचा गुडघा कानाशी नेला, हाताच्या रेघेवरून नख फिरवलं, वास घेतला. चेहरा त्यांनी गाडीत बसल्यावर पाहिला.

आता ध्रुव पुन्हा गच्चीत असतो. ह्या वेळी कागद फक्त कपाळावर आहे. रोज संध्याकाळी हिरामण तो उचलतात आणि दोन्ही रंग शेजारीशेजारी बघतात. अंग कपाळाला गाठत आलं आहे. पण कपाळ तरी पुरतं पांढरं झालं होतं का, की हळद गेली म्हणून त्यांनी ते उन्हातून मध्येच काढलं? आणखी ऊन दिलं तर ते आणखी पांढरं होईल, की मूळच्याही पुढे जाईल? ज्यांनी तो घडवला त्यांच्यापैकी कुणी अजून भेटलेलं नाही, आणि काचेमागे पाहिलेला ध्रुव आठवायला गेलं की हिरामणना दुकानातल्या ट्यूबलाइटचा उजेडच तेवढा आठवतो.

साच्यातून बाहेर पडला त्या दिवशी ध्रुव नेमका किती पांढरा होता?