कडेचं बोला

नाणं हातात आलं की ते आधी त्याची कड बघायचे. राजाचा चेहरा नंतर. "चेहरा कुणीही छान काढतो," म्हणायचे. "कडेचं बोला."

कोथरूडला आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहायचे. बँकेतून निवृत्त झालेले. प्राचीन ग्रीक नाण्यांतलं त्यांना कळतं, हे शहरातल्या संग्राहकांना ठाऊक होतं. मी एका बातमीची खातरजमा करायला गेलो आणि मग जात राहिलो.

जुनं नाणं ठशांमध्ये हातोड्याने ठोकून पाडलेलं असतं. कडेला तडे जातात. नक्कल बहुधा साच्यात ओततात. कडेवर सांधा राहतो; घासला तरी भिंगाखाली दिसतो. ते बघत आणि निकाल सांगत. तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. समोरच्याचा चेहरा पडला तरी यांचा आवाज बदलत नाही.

एक गृहस्थ चिडले. "अहो, हे मी स्वतः अथेन्सहून आणलंय!"

"विमानाचं तिकीट खरं असणार," ते म्हणाले.

पुढे आणखी कुणी फसू नये म्हणून, मालकाला विचारून, ते खोट्या नाण्याच्या कडेवर कानशीने बारीक खाच पाडत.

निवृत्तीच्या दिवशी काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्यांना अलेक्झांडरचं चांदीचं नाणं दिलं होतं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. त्यांचा स्वतःचा नाण्यांचा संग्रह वस्तुसंग्रहालयाला द्यायचं ठरलं, तेव्हा काकू अंथरुणाला खिळल्या होत्या. मी तिथेच बसलो होतो.

"अहो, माझंही द्याल ना त्यात?"

त्यांनी नाणं खिडकीशी नेलं. भिंग लावलं. बराच वेळ पाठमोरे उभे राहिले.

"ओतीव आहे."

"माहितीये. खरं असतं तर सोसायटीभर दाखवत फिरला असतात." काकूंनी दम घेतला. "पाडा खाच. मालकाला विचारावं लागतं ना? दिली परवानगी."

"पाडतो," ते म्हणाले.

काकू गेल्या. संग्रह गेला. पुढच्या उन्हाळ्यात तेही गेले.

मुलगा खराडीला असतो. घर आवरताना त्याने फोन केला.

"काका, कपाटात एक नाणं राहिलंय. आईने दिलेलं. कडेवर खाच नाहीये, म्हणजे खरंच आहे. म्युझियमला देऊ का, तिच्या नावाने?"

"खोटं आहे ते," मी सांगितलं.

त्याच्या मागे कुणीतरी खोक्यांना चिकटपट्टी लावत होतं.

"आईला माहीत होतं?"

"होतं."