मे महिन्यातलं डिस्टिल्ड वॉटर

लातूरच्या आमच्या कॉलेजात प्रयोगांसाठी लागणारं डिस्टिल्ड वॉटर चाचा तयार करतात. ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले शिपाई. यंत्रातून पडलेलं पहिलं पाणी ते नुसतं बाटल्या विसळायला वापरतात. मग थोडं परीक्षानळीत घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब सोडतात. क्षार राहून गेल्यानं जरा जरी दुधाळ दिसलं की "आज जमलं न्हाई" म्हणत सगळं कुंड्यांना. कुणी त्या पाण्यानं हात धुतले, तर त्यांचा आवाज जिन्यापर्यंत जातो, "अरे बाबा, हात धुवायचं पाणी हाय का हे?"

यंदा मे महिन्यात, परीक्षा उरकल्यावर, मी सहज डोकावलो. यंत्र चालूच होतं. कपाटात बाटल्या मावत नव्हत्या.

"चाचा, आता कुणासाठी?"

"लागतंय की, सर," म्हणत ते चष्मा पुसत बसले.

वाफ थंड करायला यंत्राभोवती बोअरचं पाणी सतत फिरवावं लागतं. एरवी ते रबरी नळीनं बेसिनात वाहून जातं. आज ती रबरी नळी खिडकीतून कंपाउंडच्या भिंतीपलीकडे गेली होती. पलीकडच्या गल्लीचे नळ केव्हाचे कोरडे होते, आणि बोअरचं पाणी बाहेर द्यायचं नाही, अशी प्राचार्यांची सक्त ताकीद होती. भिंतीमागे घागरींचा आवाज येत होता. एक बाई दुसरीला म्हणाली, "कोमट हाय गं, पण लई साफ हाय."

चाचा माझ्याकडे बघत नव्हते.

मी तिथलंच माझं कपाट उघडलं, त्यातली जुनी जर्नल्स खाली काढून ठेवली.

"चाचा, बाटल्या इथंबी मावतील."