बोटावरच्या शाईने सांगितलेलं वय

ऐंशी सालच्या निवडणुकीत मी आयुष्यातलं पहिलं मत दिलं. मतदान केंद्रावरच्या मास्तरांनी काडीने डाव्या हाताच्या बोटाच्या नखावर शाईची रेघ ओढली, ती मिरवतच मी घरी आले. आठवड्याभराने वरठीचे पाहुणे मला बघायला आसगावला यायचे होते, आणि मामाने त्यांना मुलगी एकोणीस वर्षांची सांगितली होती. मी होते बावीसची. तेव्हा एकवीस पूर्ण झाल्याशिवाय मत देता येत नसे.

हे ध्यानात येताच आईने माझं बोट लिंबू, राख, रॉकेल, हाताला येईल त्याने घासलं. कातडी लाल झाली, शाई हलली नाही.

"डावा हात पदराखाली ठेव," आई म्हणाली. पण पोह्यांचा ट्रे एका हाताने कसा धरणार? मुलाच्या आईने बशी उचलली आणि माझ्या नखाकडे बघतच राहिली.

"काहून जी, पोरगी एकोणीसची सांगतली ना तुमी? मंग इनं मत कसं टाकलं?"

मामा आढ्याकडे बघू लागला. मला मात्र हसूच फुटलं. "मी बावीसची आहो," मी सांगून टाकलं.

त्याही हसू लागल्या. "आमचाबी पोरगा सांगतला तसा सव्वीसचा नाही. तिशीले आला."

मुलाला ठसका लागला.

लग्न ठरलं. निघताना त्याने हळूच विचारलं, "मत कोणाले देलं?"

"ते गुप्त असते," मी म्हणाले. अजूनही सांगितलेलं नाही.